वाळूजच्या वाटेवरचे जुने इंजिन

वाचकहो, आज तुम्हाला वाळूजला घेऊन जायचे आहे. वाळूजला जायचे म्हटले की लोक विचारतात, "तिथं काय आहे पाहण्यासारखं?" वेरूळ नाही, दौलताबादचा किल्ला नाही, पैठणचा नाथांचा वाडा नाही. खरे आहे. पण ज्या घरात शेती आहे आणि शेतीचा माल बाजारात नेणारी एखादी जुनी गाडी आहे, त्या घराने वाळूजची वाट एकदा तरी डोळे उघडे ठेवून चालावी. यंत्र कसे जन्मते, कसे राबते आणि म्हातारपणी कसे सांभाळावे लागते, हे सारे या एका रस्त्यावर पाहायला मिळते.

रस्ता सोपा आहे. छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेतून, छावणी ओलांडून नगर नाक्यावर या. तिथून पुण्याकडे जाणारा जुना नगर रस्ता धरा. गोलवाडी मागे पडते, मग पंढरपूर लागते. हे आपले भीमाकाठचे पंढरपूर नव्हे. याला छोटे पंढरपूर म्हणतात. ज्यांना थोरल्या पंढरीला जाणे जमत नाही, ती शहरातली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसे आषाढी एकादशीला इथल्या विठ्ठलाच्या दर्शनाला येतात. त्या दिवशी रस्त्यावर टाळ-मृदंग असतो, एरवी हॉर्न असतात. पुढे कारखान्यांच्या भिंती सुरू होतात आणि शहरापासून पंधराएक किलोमीटरवर वाळूज गाव येते. तालुका गंगापूर. गाव सोडून तसेच पुढे गेलात तर लिंबेजळगाव, ढोरेगाव करीत कायगाव टोक्याला गोदावरी भेटते. पलीकडे प्रवरासंगम.

ज्वारीच्या रानात कारखाना

या पट्ट्यातली जमीन काळी. वरच्या पाण्यावरची ज्वारी, बाजरी, कापूस, तूर ही इथली जुनी पिके. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याचा ऊस, त्याची मोसंबी. १९७६ साली पैठणला जायकवाडीचे धरण झाले, नाथसागर भरला, आणि शहराला व उद्योगांना पाणी मिळण्याची सोय झाली. पाणी आले की पाठोपाठ कारखाने येतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वाळूजच्या शिवारात वसाहत आखली. बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी १९८४ च्या जानेवारीत झाली आणि १९८५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इतक्या थोड्या अवधीत एवढा मोठा कारखाना उभा राहिला, याचे त्या वेळी सगळ्यांना नवल वाटले होते.

मग जे होते तेच झाले. कारखान्याला सुटे भाग लागतात. ते पुरवणारे छोटे कारखाने आले. कामगारांना घरे लागतात, म्हणून बजाजनगर वसले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी ही साधी खेडी भाडेकरूंच्या खोल्यांनी भरून गेली. बीड, जालना, परभणी, बुलडाणा, कुठून कुठून पोरे आली. कोणाची जमीन गेली, कोणाला नोकरी लागली, कोणाचे दोन्ही झाले. कोणाला जमिनीचे पैसे मिळाले आणि ते पुरले नाहीत, असेही झाले. तो विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

आजचा विषय एवढाच, की ज्या गावाने आपल्या रानातून इंजिने बाहेर पडताना पाहिली, त्या गावात इंजिनाची भाषा घरोघरी पोचली. इथल्या पोराला "रिंग गेली" म्हटले की बोटातली अंगठी आठवत नाही, पिस्टनची रिंग आठवते. लेथवर काम करणारा, ग्राइंडिंग जाणणारा, माप घेणारा माणूस इथे हाकेच्या अंतरावर मिळतो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या अनेकांचे हात अजून तसेच आहेत. जुनी गाडी ठेवणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार कोणता?

पिकअप, टेंपो आणि जीप

आता गाडीकडे वळू. आपल्याकडे माल नेणाऱ्या लहान गाडीला सरसकट टेंपो म्हणतात. हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे का? टेंपो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचे नाव. तिच्याशी करार करून पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीने, आजच्या फोर्स मोटर्सने, त्या तीनचाकी इथे बनवल्या. ही कंपनी १९५८ ची आणि तिच्यामागचे नवलमल फिरोदिया हे मूळचे नगरचे. म्हणजे वाळूजवरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या टोकाचे. गाडी गेली, नाव राहिले.

दुसरी जात जीपची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेने वापरलेली विलिस जीप १९४७ पासून महिंद्रने मुंबईत जुळवायला घेतली आणि पुढे इथेच बनवली. तिच्याच अंगावर मागे माल ठेवायचा हौदा बसवून पिकअप झाल्या. नाक नसलेली, ड्रायव्हर थेट इंजिनावर बसतो अशी एफसी पिकअपही त्यातलीच. या साऱ्यांत एकच पेट्रोल इंजिन असे. चार सिलिंडर, २,१९९ सीसी, सुमारे ७० ते ७५ अश्वशक्ती.

या इंजिनाची रचना गमतीची आहे. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि जळका धूर सोडणारा व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. याच्या आधीच्या युद्धकाळातल्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खालीच होते. एक वर नेला, तशी ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. म्हणून १९५३ च्या विलिस जीपचे बॉनेट उंच करावे लागले. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे फिरलेली ती उंच कपाळाची जीप आठवा. तिचे कपाळ या एका व्हॉल्व्हपायी उंच झाले.

१९७३ नंतर पेट्रोल महागले आणि खेड्यापाड्यांतल्या मालकांनी या गाड्यांतली पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल बसवली. बरीच इंजिने भंगारात गेली. तरीही काही राहिली. कोणाचे रोजचे चालणे थोडे होते म्हणून, कोणाकडे डिझेल इंजिनाला पैसे नव्हते म्हणून, कोणाला त्याचा मऊ आवाज आवडला म्हणून. अशी गाडी ज्याच्या अंगणात अजून उभी आहे, किंवा तिच्यानंतरची कार्ब्युरेटरवाली कोणतीही पेट्रोल मालगाडी आहे, त्याच्यासाठी पुढचे सांगणे आहे.

ते टिकले कशाने?

वाळूजच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात जुन्या मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. अशा कोणाही उस्तादला विचारा, जुने पेट्रोल इंजिन टिकते कशाने? उत्तर बहुधा असे येते, "दादा, त्याला घाई नसते."

यात शास्त्र आहे. या इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी, साताच्या आसपास. म्हणजे सिलिंडरमध्ये घेतलेली हवा सातपट दाबली जाते. आजच्या पेट्रोल इंजिनांत ती दहापट आणि त्याहून जास्त दाबतात. दाब कमी म्हणून हेड, पॅकिंग, बेअरिंग यांवर ताण कमी. पिस्टनची धाव लांब आणि फेरे कमी. खालच्या गियरात ओल्या रानातून भरली गाडी ओढायला ते बरे पडते. त्या काळच्या आपल्याकडच्या पेट्रोलवरही ते ठोकत नसे.

दुसरे कारण, ते उघडता येते. बोअर झिजले तर लेथवर मोठे करून जाड पिस्टन घालता येतो. तेही संपले तर स्लीव्ह बसवता येते. क्रँक घासून नव्या मापाचे बेअरिंग टाकता येते. नव्या गाडीत संगणकाची डबी बिघडली की ती बदलायची, दुरुस्तीचा प्रश्न नाही. जुन्यात पान्हा, फीलर गेज आणि डोके एवढ्यावर पुष्कळ काम होते.

पण तिसरी गोष्टही सांगितली पाहिजे. हे इंजिन निष्काळजीपणा सोसते, विसरत मात्र नाही. नवे इंजिन दिवा लावून ओरडते. जुने गप्प सोसत राहते आणि एके दिवशी भाजीच्या क्रेटा भरलेल्या असताना पहाटे चार वाजता पंढरपूरच्या चौकात बसते. बाजारात माल सातला पोचला तर एक भाव आणि दहाला पोचला तर दुसरा. इंजिनाची किंमत तिथे कळते.

ऊन, धूळ आणि पाणी

वाळूजच्या पट्ट्यात गाडीचे तीन वैरी. पहिला ऊन. एप्रिल-मेत पारा चाळीसच्या वर जातो. त्यात कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता भरतो आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरात मुंगीसारखी सरकते. वाराच लागत नाही म्हटल्यावर सगळा भार रेडिएटर आणि पंख्यावर. फॅन बेल्ट बोटाने दाबून पाहावा. साधारण बोटाच्या अर्ध्या पेराइतका दबला तर ठीक. जास्त ढिला असेल तर पंखा घसरतो, जास्त ताणला तर पाण्याच्या पंपाचे बेअरिंग जाते.

उन्हात आणखी एक खोड दिसते. गाडी बंद केली, दहा मिनिटांनी चालू करायला गेले तर सुरूच होत नाही. लोक हँडल मारून दमतात. पेट्रोल तापून पंपात किंवा नळीत त्याची वाफ होते आणि वाफेला पंप ओढू शकत नाही. ओले फडके पंपावर आणि नळीवर टाकून थोडे थांबा, गाडी सुरू होते. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बांधणे.

दुसरा वैरी धूळ. काळ्या रानातली बारीक धूळ इंजिनात गेली की ती तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करते. रिंगा, बोअर, बेअरिंग, सगळे घासते. जुन्या जीपला तेलाच्या वाटीचा एअर फिल्टर असे. हवा त्या तेलावरून वळते आणि धूळ तेलात अडकते. अनेक गाड्यांवर ती वाटी आज कोरडी असते. उन्हाळ्यात आणि खळ्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा वाटी काढा, गाळ टाका, धुवा आणि खुणेपर्यंत नवे तेल घाला. खुणेच्या वर घालू नका, ते कार्ब्युरेटरकडे ओढले जाते. घरातले शाळकरी पोरगेही हे काम करील, आणि त्याला ते शिकवाच.

तिसरा वैरी पाणी. आपल्या खडकातल्या बोअरचे पाणी जड. चुलीवरच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मग वरून पाणी भरलेले दिसते आणि आत फिरतच नाही. घरातल्या बाईला हे पटकन कळेल, कारण पातेले तीच घासते. तेव्हा रेडिएटरला बोअरचे पाणी घालू नये. पावसाचे स्वच्छ धरलेले पाणी किंवा बॅटरीला घालतात ते पाणी घ्यावे आणि त्यात कूलंट मिसळावे. कूलंट उकळणे लांबवते आणि गंज धरू देत नाही. आणखी एक, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड सोडा. तो काढला तर इंजिन थंडीत नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि रिंगा लवकर झिजतात. तापण्याचे कारण शोधा. आणि तापल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडून भाजते.

आपला ऊस, आपलाच मका, आपलीच टाकी

आता एक नवी गोष्ट. ही जुन्या पुस्तकात सापडणार नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला आपल्या देशात काही राज्यांत २००३ मध्ये सुरुवात झाली. २०१४ मध्ये प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, तुकडा तांदळापासून आणि अलीकडे मोठ्या प्रमाणात मक्यापासून होते. म्हणजे गोदाकाठचा ऊस आणि आपल्या जिल्ह्यातला मका फिरून आपल्याच टाकीत येतो. शेतकऱ्याच्या मालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच झाले. पण जुने इंजिन या पेट्रोलसाठी बनलेले नाही, हेही तितकेच खरे.

काय होते ते पाहा. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि ठिसूळ करते. पेट्रोलची नळी, पंपातला पडदा, कार्ब्युरेटरमधली पॅकिंगे हळूहळू सोडतात. नळीला तडा गेला की पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकते, आणि गाडीला आग लागायला दुसरे काही लागत नाही. म्हणून जुन्या गाडीची पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी बदलून इथेनॉल चालणारी नळी घाला. दुकानदाराला तसे स्पष्ट सांगून मागा. पंपाचा पडदाही त्याच जातीचा मागा. खर्च फार नाही, पण टाळलात तर गाडीच जाईल.

दुसरे, इथेनॉल पाणी शोषते. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली, टाकी अर्धी असली, पावसाळ्याची दमट हवा आत गेली, तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसतात. मग टाकी गंजते, काचेच्या वाटीत तांबूस पाणी दिसते, गाडी धक्के खाते. म्हणून पेट्रोल साठवून ठेवू नका. थोडे भरा, पंधरा-वीस दिवसांत संपवा. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मग बंद करा.

तिसरे, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा असते. तेव्हा ॲव्हरेज थोडे कमी झाले तर चकित होऊ नका. मिश्रणही जरा हलके पडते, गाडी थंड असताना फुसफुसते. कार्ब्युरेटर जाणणारा मिस्त्री जेट थोडा मोठा करून देईल. मात्र ते प्लगचा रंग पाहून करायचे. प्लग फिकट तपकिरी हवा. पांढरा असेल तर मिश्रण हलके, काळा काजळ असेल तर जड.

वाजणारा टॅपेट बरा

पेट्रोलची आणखी एक जुनी हकीकत आहे. पूर्वी त्यात शिसे असे. ते आरोग्याला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. झाले ते उत्तम झाले. पण शिसे जुन्या इंजिनात एक काम करीत असे. धुराच्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर त्याचा पातळ लेप बसे आणि झीज कमी होई. आता तो लेप नाही. भरल्या गाडीने घाट चढताना बैठक झिजते, व्हॉल्व्ह खोल बसतो आणि टॅपेटची फट कमी होते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. टॅपेट वाजला की लोक घाबरतात, आणि आवाज बंद झाला की खूश होतात. खरे तर वाजणारा टॅपेट बरा. ज्याची फट संपली तो वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. म्हणून फट मोजून घ्यावी. या जीप इंजिनाला थंड असताना वरच्या व्हॉल्व्हला १८ हजारांश इंच आणि खालच्या, धुराच्या व्हॉल्व्हला १६ हजारांश इंच फट धरतात. खालची फट मोजायला इंजिनाच्या बाजूचे झाकण काढावे लागते. वाकून करायचे अडचणीचे काम, म्हणून कित्येक जण वरचे चार लावतात आणि खालचे चार सोडतात. तुम्ही जवळ उभे राहा आणि आठही लावून घ्या.

बाकीची मापे थोडक्यात. पॉइंटची फट २० हजारांश इंच, प्लगची ३०. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. दुसऱ्या जातीचे इंजिन असेल तर त्याच्या पुस्तकातली मापे घ्या, ही लावू नका.

तेल तीन हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. गाडी चालो न चालो, वर्षात दोनदा तेल बदलायचेच. गुढीपाडवा आणि दसरा हे दोन दिवस धरलेत तर विसरणार नाही. दसऱ्याला गाडीला हार घालतोच, त्या दिवशी तेलही घालू या.

धूर पाहायला शिका. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळा म्हणजे तेल जळते, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड पाहा. गाडी तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि पाणी कमी होत गेले, तर हेडचे पॅकिंग गेले असण्याचा संभव. तसे असेल तर चालवू नका. पाणी तेलात मिसळले तर बेअरिंगे जातात आणि हजाराच्या जागी पन्नास हजारांचे काम निघते.

इंजिन बांधायचे की नाही हे ठरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे लिहा. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. एवढी तपासणी न करता जो "इंजिन खोलावंच लागेल" म्हणतो, त्याला नमस्कार करून दुसरीकडे जा.

ठेवावी की विकावी?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि बाप-लेकात त्यावरून बोलाचाली होते. बापाला गाडीत अर्धे आयुष्य दिसते, लेकाला त्यात खर्च दिसतो. दोघांचेही बरोबर असते. म्हणून हा निवाडा वहीवर सोपवा. घरात जी हिशेब ठेवते, आई असो की सून, तिच्याकडे एक वेगळी वही द्या. वर्षभर पेट्रोल, तेल, दुरुस्ती, टायर, विमा, आणि गाडी बंद पडल्याने बुडालेला बाजार, सगळे त्यात लिहा. शेजारच्या पानावर, तोच माल भाड्याच्या गाडीने नेला असता तर काय लागले असते ते लिहा. वर्षाअखेर दोन्ही पानांची बेरीज करा. आठवड्यातून दोन फेऱ्या करणाऱ्या घराला जुनी गाडी परवडते. रोज शहरात माल नेणाऱ्याला बहुधा परवडत नाही. २०२० च्या एप्रिलात प्रदूषणाचे नवे नियम आल्यापासून लहान मालगाड्यांत पेट्रोल आणि सीएनजी पुन्हा आले आहेत, त्यांचाही भाव विचारून ठेवा.

कागद सांभाळा. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. खाजगी नोंदणीची गाडी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने नोंदवावी लागते. या जुन्या गाड्यांचे शुल्क २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वाढले, ते हिशेबात धरा. विमा आणि धुराचे प्रमाणपत्र नसेल तर गाडी रस्त्यावर आणू नका.

आणि इंजिन कितीही गोड चालो, आधी ब्रेक आणि स्टिअरिंग. चालू न होणारी गाडी बाजार बुडवते, न थांबणारी घर बुडवते. हौद्यात माणसे बसवू नका. लग्नाला, यात्रेला, खुरपणीच्या बायकांना रानात न्यायला आपण सर्रास बसवतो. कायद्याने ते चालत नाही, आणि वळणावर गाडी कलंडली की कितीजणांचे घर बसते ते वर्तमानपत्रात आपण वाचतोच. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेत गेल्यासारखा जातो.

हात शिकून घ्या

शेवटी, वाळूजच्या वाटेवर जी खरी पाहण्यासारखी गोष्ट आहे ती सांगतो. ती कारखान्याच्या भिंतीआड नाही. पाळी सुटल्यावर गॅरेजच्या दारात जमणारी, हाताला तेल लागलेली माणसे हीच ती गोष्ट. त्यात साठी उलटलेला एखादा उस्ताद असतो. तो इंजिनाला पेचकसाचे टोक लावतो, मूठ कानाशी धरतो आणि कुठले बेअरिंग बोलते ते सांगतो. त्याची मुले कॉम्प्युटर लावून नव्या गाड्या दुरुस्त करतात, तेही चांगलेच आहे. पण कार्ब्युरेटर उघडून बसवणारे, पॉइंट कानाने लावणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. सुटे भाग अजून शोधून मिळतील, लेथवर करूनही घेता येतील. ते बसवणारा हात मात्र लेथवर करून मिळत नाही.

तेव्हा तुमच्या घरात अशी गाडी असेल आणि पोराला किंवा पोरीला यंत्राची आवड असेल, तर सुट्टीत दोन महिने अशा एखाद्या उस्तादाकडे पाठवा. आयटीआयत शिकत असेल तर फारच उत्तम. पुस्तकात वाचलेले तिथे हाताला कळेल. पोरगे पुढे नवी गाडी चालवो की कारखान्यात लागो, फट मोजणे, आवाज ऐकणे आणि कारण सापडेपर्यंत पान्हा खाली न ठेवणे, हे शिकलेले वाया जात नाही. विहिरीवरच्या मोटारीलाही तेच लागते आणि फवारणीच्या पंपालाही.

येत्या रविवारी आपल्या गाडीचे बॉनेट उघडा. तेलाची कांडी पाहा, हवेच्या वाटीतला गाळ पाहा, पेट्रोलची नळी बोटांनी चिमटून पाहा. कडक लागली, बारीक भेगा दिसल्या, तर त्याच दिवशी बदला. बाकीचे काम दसऱ्यापर्यंत थांबले तरी चालेल, ते नाही थांबणार.